डायलिसिसची नळी: टाकण्यापासून काढेपर्यंत काय बिघडू शकतं आणि तेव्हा काय करायचं

किडनी अचानक बंद पडली, किंवा हळूहळू बंद पडत होती पण हातावरचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया घालण्यासाठी ऑपरेशननं शीर धमनीला जोडणं) करायचं राहून गेलं, की डॉक्टर म्हणतात, "मानेत नळी टाकावी लागेल." संमतीपत्रावर सही होते, अर्ध्या-पाऊण तासात नळी बसते आणि घरच्यांना वाटतं, अवघड ते पार पडलं. वास्तविक नळी टाकतानाचे बहुतेक घोटाळे त्याच खोलीत लक्षात येतात आणि तिथेच निस्तरले जातात. माणूस आजारी पडतो तो पुढच्या आठवड्यांत, आणि त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं. म्हणून नळी टाकायच्या आधीपासून ती काढेपर्यंत, ज्या क्रमानं गोष्टी घडतात त्याच क्रमानं इथे लिहितो. रुग्ण आणि घरचे यांच्यासाठी तर हे आहेच, पण युनिटमध्ये नव्यानं लागलेल्या टेक्निशियन आणि सिस्टरनाही उपयोगी पडावं. उपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

आधी ठरवायचं: कोणती नळी, कोणती शीर

नळ्या दोन प्रकारच्या. तात्पुरती नळी कातडीतून थेट शिरेत जाते आणि टाक्यांवर टिकून राहते. दुसरी परमकॅथ. ती छातीवरून कातडीखालच्या बोगद्यातून मानेतल्या शिरेपर्यंत नेतात. तिच्यावर डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याचा एक छोटा कफ (पट्टा) असतो, त्यात दोन ते चार आठवड्यांत शरीराचे तंतू वाढतात आणि नळी घट्ट धरली जाते. बोगदा आणि कफ यांमुळे बाहेरचे जंतू शिरेपर्यंत पोचायला अडथळा होतो.

दोन्ही नळ्या जाड असतात. 12 फ्रेंचची तात्पुरती नळी म्हणजे 4 मिलिमीटर, परमकॅथ साधारण 5 मिलिमीटर. हाताला लावतात ती सलाइनची सुई जेमतेम 1 मिलिमीटर असते. ही नळी उघडी राहिली तर रक्त किती वेगानं बाहेर येईल किंवा हवा किती वेगानं आत ओढली जाईल, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

पहिली पसंती मानेच्या उजव्या बाजूच्या जुग्युलर शिरेला. तिथून हृदयापर्यंतचा रस्ता जवळपास सरळ आहे. डाव्या बाजूनं नळीला वळणं घेत जावं लागतं, त्यामुळे फ्लोच्या, म्हणजे नळीतून पुरेसं रक्त न येण्याच्या, तक्रारी जास्त आणि शिरेच्या भिंतीला घासणंही जास्त. मांडीतली फिमोरल शीर घाईच्या वेळी कामाची, विशेषतः दम लागल्यामुळे आडवं झोपता येत नसेल तेव्हा. पण जांघेची जागा घामट, जंतुसंसर्ग लवकर होतो, पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते आणि चालण्या-फिरण्यावर बंधन येतं. पुढे प्रत्यारोपण व्हायचं असेल तर आणखी एक विचार करावा लागतो: नवी किडनी ओटीपोटातल्या इलियाक शिरेला जोडतात, ती खराब झालेली चालत नाही.

गळपट्टीच्या हाडाखालची सबक्लेव्हियन शीर मात्र डायलिसिससाठी शेवटचा पर्याय. ती पुढे आकसते. हाताचं सगळं रक्त तिच्यातूनच परत येत असल्यामुळे त्या हातावर नंतर केलेला फिस्टुला वाया जाऊ शकतो. नळी कुठे टाकणार आहात, हे सही करण्याआधी विचारायला संकोचू नका. उत्तर सबक्लेव्हियन असेल तर "जुग्युलर का नाही?" हा पुढचा प्रश्न.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पूर्वी कधी मानेत किंवा छातीत नळी होती का, पेसमेकर आहे का, आडवं झोपल्यावर दम लागतो का, जंतुनाशकाची किंवा भुलीच्या औषधाची ॲलर्जी आहे का. पूर्वी नळी होती म्हटल्यावर डॉक्टर सोनोग्राफीत ती शीर मोकळी आहे ना, हे जास्त बारकाईनं बघतात.

तात्पुरती जुग्युलर नळी दोन आठवड्यांच्या आतच वापरावी असं अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या 2019 च्या केडीओक्यूआय मार्गदर्शक सूचना सांगतात. डायलिसिस त्याहून जास्त दिवस लागणार हे दिसतच असेल तर शक्यतो सुरुवातीलाच परमकॅथ टाकलेली बरी. एकामागून एक तीन तात्पुरत्या नळ्या म्हणजे तीनदा टोचणं आणि शिरेला तीनदा इजा.

नळी टाकताना

पद्धत जुनी आहे. स्वेन-इवार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी ती 1953 मध्ये मांडली: आधी सुई, सुईतून तार, तारेवरून वाट रुंद करणारा डायलेटर आणि शेवटी नळी. यातल्या प्रत्येक पायरीची स्वतःची अडचण असते.

सुई शिरेऐवजी शेजारच्या कॅरॉटिड धमनीत जाऊ शकते. सोनोग्राफी लावून केलं की हे फार कमी होतं, म्हणून सोनोग्राफीशिवाय नळी टाकायचं आज समर्थन करता येणार नाही. नुसती सुई धमनीत गेली तर ती काढून दहा मिनिटं नेटानं दाबून धरलं की बहुधा भागतं. डायलेटर किंवा नळीच धमनीत गेली असेल तर गोष्ट वेगळी. नवशिक्या हातांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: ती ओढून काढायची नाही. आहे तिथेच ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवायचं. उपसली तर मानेत मोठा रक्तस्राव होतो, पक्षाघातही होऊ शकतो.

तार जास्त आत गेली की हृदयाला टोचते आणि मॉनिटरवर ठोके चुकायला लागतात. तार थोडी मागे घेतली की ते बहुधा थांबतं. डायलिसिसच्या रुग्णाचं पोटॅशियम वाढलेलं असलं तर हृदय आधीच चिडलेलं असतं, त्यामुळे मॉनिटर लावल्याशिवाय हे काम करू नये. तारेचं टोक एका हातानं सतत धरलेलं हवं आणि काम संपल्यावर पूर्ण तार बाहेर आली हे डोळ्यांनी बघायला हवं. तार आत राहून गेल्याचे प्रकार घडतात.

डायलेटर टोकदार आणि कडक असतो. तो शिरेपर्यंत वाट करण्यापुरताच घालायचा. मुठीपर्यंत रेटला तर शीर फाटून छातीत रक्त साठू शकतं. फुफ्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडामागे थोडं वर आलेलं असतं, त्याला सुई लागली तर छातीत हवा भरते आणि फुफ्फुस मिटतं. सुईचं किंवा नळीचं तोंड उघडं राहिलं तर हवा थेट हृदयाकडे ओढली जाते. त्यासाठीच डोकं खाली करून झोपवतात आणि "आता खोल श्वास घेऊ नका, खोकू नका" असं सांगतात. त्या क्षणी रुग्णानं ते ऐकणं फार गरजेचं असतं.

मानेत नळी टाकल्यावर छातीचा एक्सरे काढून नळीचं टोक बरोबर जागी आहे आणि फुफ्फुस शाबूत आहे हे बघूनच ती वापरायला घ्यावी.

पहिला दिवस

टाक्यांजवळून रक्त झिरपणं ही पहिल्या दिवसाची सर्वात नेहमीची तक्रार. युरिया वाढलेला असला की रक्तातल्या प्लेटलेट संख्येनं पुरेशा असूनही नीट चिकटत नाहीत. त्यात डायलिसिसमधलं हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. जागेवर गॉझ ठेवून बोटांनी नेमकं दाबून धरलं की बहुतेक वेळा थांबतं. पट्टीवर पट्टी चढवत गेलं की आतलं रक्त फक्त दिसेनासं होतं. पहिलं डायलिसिस हेपॅरिनशिवाय करता येतं, ते विचारून घ्या.

मान एका बाजूनं फुगत चालली, आवाज बदलला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर लगेच ओरडून सिस्टरना बोलवा. आत साठणारं रक्त श्वासनलिका दाबत असू शकतं. दम आणि छातीत कळ हे फुफ्फुसाचं दुखणं काही तासांनीही उघड होऊ शकतं, तेव्हा पहिला एक्सरे चांगला होता म्हणून निर्धास्त राहू नये. मांडीतल्या नळीनंतर कंबर किंवा ओटीपोट दुखायला लागलं आणि बीपी घसरलं तर पोटामागे रक्तस्राव होत असण्याची शंका घ्यावी. तो बाहेरून दिसत नाही.

जंतुसंसर्ग: खरी लढाई इथे आहे

आठवड्यातून तीन डायलिसिस धरा. प्रत्येक वेळी लाल (रक्त मशीनकडे नेणारं) आणि निळं (स्वच्छ रक्त परत आणणारं) अशी नळीची दोन तोंडं सुरू करताना उघडायची आणि संपवताना पुन्हा उघडायची. म्हणजे आठवड्याला बारा वेळा रक्तप्रवाहाचा दरवाजा उघडतो. जंतू नळीच्या बाहेरच्या बाजूनं कातडीवरूनही आत जातात, पण नळी जुनी होत जाते तशी ही दोन तोंडंच मुख्य वाट बनतात.

जोडणी नीट कशी होते ते एकदा बघून ठेवा, म्हणजे चूक झाली तर कळेल. सिस्टर किंवा टेक्निशियन आणि रुग्ण दोघांनीही मास्क लावायचा. रुग्णानं तोंड दुसरीकडे वळवायचं आणि तेवढा वेळ बोलायचं नाही. हात धुऊन नवे ग्लोव्ह्ज. क्लॅम्प बंद आहे याची खात्री, मगच कॅप काढायची. उघड्या तोंडाचे आटे आणि कडा जंतुनाशकाच्या पॅडनं निदान 15 सेकंद घासायच्या आणि वाळू द्यायच्या. ही 15 सेकंदं घाईत हमखास कापली जातात. मग सिरिंज लावून आतलं लॉकचं औषध (दोन डायलिसिसच्या मधल्या काळात गुठळी होऊ नये म्हणून नळीत भरून ठेवलेलं) ओढून टाकून द्यायचं, आत ढकलायचं नाही. शेवटी कॅप नवीच लावायची. ड्रेसिंग बदलताना नळीभोवतीची जागा प्रत्येक वेळी उघडून बघायची, ड्रेसिंगवर तारीख टाकायची. कुठलं जंतुनाशक आणि मलम चालतं हे त्या नळीच्या कंपनीच्या पत्रकात बघावं, कारण काही नळ्यांचं प्लास्टिक अल्कोहोलनं किंवा मलमांनी खराब होतं.

आणि डायलिसिसची नळी डायलिसिससाठीच. "शीर सापडत नाही, यातूनच सलाइन देऊ" असं वॉर्डात कोणी म्हणालं तर नेफ्रॉलॉजीच्या (किडनीच्या) डॉक्टरांना विचारल्याशिवाय होऊ देऊ नका.

आता लक्षणं. नळी कातडीतून बाहेर येते तिथे लाली, दुखणं, पू असेल तर संसर्ग बाहेरच्या बाहेर आहे, औषधानं आटोक्यात येऊ शकतो. परमकॅथच्या बोगद्यावरून बोट फिरवल्यावर लांबपर्यंत दुखत असेल, कातडी लाल-गरम असेल तर बोगद्यात संसर्ग झाला आहे. तिथे नळी वाचवण्याचा नाद सोडावा लागतो.

सगळ्यात गंभीर म्हणजे रक्तात जंतू पसरणं. त्याचं चित्र ओळखीचं झालेलं असतं. रुग्ण बरा-भला येतो, मशीन सुरू होतं आणि अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरते, दात वाजतात, पलंग हलतो. मग ताप चढतो. डायलिसिस संपल्यावर थोडं बरं वाटतं, म्हणून घरी पाठवलं जातं; पुढच्या खेपेला पुन्हा तेच. नळीतला जंतूंचा थर मशीनच्या प्रवाहाबरोबर रक्तात जातो, म्हणून हे मशीन सुरू झाल्यावर घडतं. अशा वेळी ब्लँकेट आणि पॅरासिटामॉल यांवर भागवणं मला अक्षम्य वाटतं. नळी असलेल्या माणसाला थंडी-ताप आला तर तो नळीमुळेच आहे असं धरून चालायचं, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. म्हाताऱ्या आणि मधुमेही रुग्णांत ताप नसतोही. नुसती सुस्ती, बरळणं, उलट्या किंवा बीपी खाली जाणं एवढंच दिसतं.

पुढचा क्रम असा. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) घ्यायचं, एक नळीतून आणि एक शक्यतो पंजाच्या मागच्या शिरेतून. नळीतलं कल्चर हातातल्यापेक्षा दोन तास किंवा अधिक आधी पॉझिटिव्ह आलं तर उगम नळीत आहे हे पक्कं होतं. पण निकालाची वाट बघत औषध रोखायचं नाही. सुरू करायचं आणि जंतू कळला की त्याप्रमाणे बदलायचं.

तात्पुरती नळी असेल तर ती काढावीच लागते. परमकॅथच्या बाबतीत बीपी घसरलेलं असेल, बोगद्यात संसर्ग असेल, दोन-तीन दिवस औषध देऊनही ताप किंवा जंतू हटत नसतील, किंवा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस अथवा बुरशी निघाली, तर ती काढतात. बाकी वेळी तारेवरून नळी बदलणं किंवा नळीत अँटिबायोटिकचं लॉक भरून ठेवणं हे पर्याय डॉक्टर तपासतात.

साधा संसर्ग असेल तर औषध दोन ते तीन आठवडे. हृदयाच्या झडपेला किंवा हाडाला लागण झाली असेल तर चार ते आठ आठवडे. यातली बरीच इंजेक्शनं डायलिसिसच्या शेवटी देतात. त्यामुळे एक डायलिसिस चुकवलं की औषधाचा डोसही चुकतो, हे घरच्यांना कोणी सांगितलेलं नसतं. संसर्ग बरा झाल्यावर काही आठवड्यांत पाठीचं दुखणं सुरू झालं आणि ते रात्रीही थांबेना, तर अंग आखडलंय म्हणून सोडून देऊ नका. मणक्यात जंतू जाऊन बसल्याची शक्यता डॉक्टरांसमोर काढा, एमआरआय लागेल का ते विचारा.

फ्लो येत नाही तेव्हा

पहिल्याच दिवसापासून फ्लो नसेल तर दोष बहुधा जागेचा: नळीला मुरड पडली आहे, टोक चुकीच्या जागी आहे किंवा शिरेच्या भिंतीला टेकलंय. आधी छान चालून नंतर फ्लो पडला तर आत गुठळी किंवा नळीभोवती फायब्रिनचं (रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचं) आवरण.

आधी सोप्या गोष्टी बघायच्या: क्लॅम्प, ड्रेसिंगखाली पडलेली मुरड, मानेची स्थिती, एकदा खोकून बघणं, सलाइननं हलकेच फ्लश. अडत असेल तर जोर लावून ढकलायचं नाही. लाल-निळ्याची अदलाबदल करून तो दिवस निभावता येतो, पण स्वच्छ झालेलं रक्तच पुन्हा मशीनमध्ये ओढलं जातं आणि डायलिसिस कमी भरतं. दर वेळी लाइन उलटी लावूनच चालत असेल तर तो दोष दुरुस्त झालेला नाही. यानंतरची पायरी म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध. अल्टेप्लेज प्रत्येक तोंडात 2 मिलिग्रॅम भरून ठेवतात. तरीही नाहीच तर नळी बदलायची.

लॉकबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नळीच्या क्लॅम्पवर किंवा तोंडाजवळ छोटे आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ 1.2 आणि 1.3. तेवढेच मिलिलिटर हेपॅरिन त्या त्या तोंडात मावतं. सरसकट जास्त भरलं की उरलेलं रक्तात जातं, आणि डायलिसिस संपल्यावर हिरड्यांतून किंवा नळीच्या जागेतून रक्त का येतंय याचं कोडं पडतं.

शीर आकसणं

हे महिनोन्महिने मुकाट चालतं. नळी शिरेच्या भिंतीला घासत राहते, भिंत जाड होते, रस्ता अरुंद होतो. त्या बाजूचा हात सुजणं, छातीवर आणि खांद्यावर निळ्या शिरांचं जाळं दिसणं, चेहरा सकाळी फुगलेला असणं ही लक्षणं. कधी कधी कळतं ते फिस्टुला केल्यावर: रक्ताचा ओघ वाढतो, पुढची वाट अरुंद, आणि पूर्ण हात सुजतो. बलूननं शीर रुंद करता येते, पण ती पुन्हा आकसते. नळ्या कमी टाकणं आणि लवकर काढणं यापेक्षा चांगला उपाय यावर नाही. ज्या हातावर फिस्टुला करायचा आहे त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका.

घरी असताना

नळीवर पाणी नको. कमरेपर्यंत अंघोळ, वर ओल्या कापडानं पुसणं, पोहणं बंद. ड्रेसिंग भिजलं किंवा सुटलं तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता युनिटमध्ये जाऊन बदलून घ्या. पुढून उघडणारे कपडे घाला, म्हणजे डोक्यावरून काढताना नळी ओढली जात नाही. दाढीचं ब्लेड आणि कात्री नळीजवळ नेऊच नका. घरी कॅप उघडायची नाही, क्लॅम्प सोडायचे नाहीत.

पुढचे प्रसंग क्वचित येतात, पण तेव्हा फोन लावून विचारायला वेळ नसतो.

नळी निसटून बाहेर आली तर आडवं व्हा आणि स्वच्छ कापडानं जागा दाबून धरा. परमकॅथ असेल तर छातीवरच्या भोकाबरोबर गळपट्टीच्या हाडाच्या वर, जिथे नळी शिरेत शिरली होती, तिथेही दाबा. शिरेचं खरं भोक तिथे आहे. नळी परत आत सरकवू नका. दाबून धरतच हॉस्पिटल गाठा.

कॅप पडली तर आधी क्लॅम्प बघा. तो बंद असेल तर घाबरायचं कारण नाही, तोंडाला हात न लावता युनिटमध्ये जा. नळी चिरली असेल तर चीर आणि शरीर यांच्या मधला भाग दुमडून घट्ट चिमटीत धरा. हे होताना अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर हवा आत गेली असू शकते: डाव्या कुशीवर, डोकं खाली अशा स्थितीत झोपवा आणि रुग्णवाहिका बोलवा. हॉस्पिटलमध्ये लगेच ऑक्सिजन लागतो.

थंडी वाजून ताप आला तर डायलिसिस परवा आहे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जायचं.

नळी काढताना

नळी टाकली त्याच आठवड्यात फिस्टुलाच्या सर्जनची वेळ घ्या. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. ग्राफ्ट (फिस्टुलाऐवजी कातडीखाली बसवलेली कृत्रिम नळी) असेल तर दोन-तीन आठवडे. पोटाचं डायलिसिस हाही पर्याय असतो, तो विचारात घ्या. फिस्टुलात दोन्ही सुया घालून काही डायलिसिस सुरळीत पार पडली की नळीचं काम संपलं. "असू दे, अडीअडचणीला" म्हणून ती ठेवणारे बरेच असतात. त्या अडीअडचणीच्या नळीतूनच मग जंतू शिरतात.

काढण्याचं काम सोपं समजून खुर्चीत बसवून उरकलं जातं, ते धोक्याचं आहे. बसलेल्या माणसानं श्वास आत घेतला की उघड्या भोकातून हवा ओढली जाऊ शकते. मानेतली नळी काढताना रुग्ण आडवा, डोकं थोडं खाली हवं. नळी बाहेर येताना त्यानं श्वास रोखून धरायचा किंवा सावकाश बाहेर सोडायचा. लगेच दाब, निदान दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. परमकॅथचा कफ तंतूंत अडकलेला असतो, तो भूल देऊन सोडवावा लागतो. हिसका देऊन ओढू नये. बाहेर आलेली नळी टोकापर्यंत अखंड आहे हे तपासायचं. वरून हवाबंद ड्रेसिंग, ते 24 तास तसंच. काढल्यावर अर्धा तास आडवं राहून मगच उठावं, आणि त्या दिवशी जड उचलू नये. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग काढल्यावर जागा कोरडी असेल तर अंघोळीला हरकत नाही. ओल, पू किंवा ताप असेल तर पुन्हा दाखवा.